लाइटच्या गंगेतलं माहेर

आमच्या शहरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. पावसानं दडी मारली की तेही लांबतं, आणि मग टँकर गल्लीत शिरला की चांगल्या घरच्या शिकलेल्या बायका एकमेकींची उणीदुणी काढतात. बागेतली गंगा मात्र रोज संध्याकाळी न चुकता येते. बन्सी वॉचमन कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बटण दाबतो आणि लग्नाच्या मांडवाएवढ्या काचेच्या फरशीखाली निळा उजेड हलायला लागतो. त्र्यंबकापासून नांदेडपर्यंतची गोदावरी, आणि काठानं सगळी गावं. गावावर पाय ठेवला की तिथं दिवा लागतो, देवळातली घंटा वाजते, आणि पायाभोवती पाण्याची वलयं पसरतात. दगडावर कोरलेलं नाव आहे 'जिवंत गोदावरी'. लोक तिला लाइटची गंगा म्हणतात, आणि मला तेच नाव पसंत आहे.

मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बाई. ट्रंककॉल जोडून देण्यात जन्म गेला. दिवसभर लोकांचं रडणं-भांडणं कानात घालून घरी यायचं आणि स्वयंपाकाला लागायचं, त्यामुळे कशाचंही कौतुक मला चटकन येत नाही. बायपासच्या अंगाला नव्या वसाहती वाढल्या तेव्हा आम्ही इकडे फ्लॅट घेतला. नळ अजून जोडायचा राहिलाय, पण बाग झाली, बागेत फरशी झाली. घरात नाही दाणा आणि मला श्रीमंत म्हणा, दुसरं काय.

सुरुवातीला लोक त्या फरशीशी कसे वागले ते सांगण्यासारखं आहे. कडेला आले की चपला काढायचे. कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेत चपला घालून कोण उतरतं? पहिल्या आठवड्यात काठावर चपलांचा हा ढीग. मग त्या चोरीला जायला लागल्या. बायका वाकून हळदीकुंकू वाहायच्या, म्हातारे नाणी टाकायचे, एकानं तर नारळ फोडायला काढला होता, तो बन्सीनं धावत जाऊन हातातून घेतला. मग पाटी लागली. चपला काढू नयेत, हळदकुंकू वाहू नये, नाणी टाकू नयेत. खऱ्या गंगेत पाणी नाही म्हणून लोकांनी उजेडाला हात जोडले, तर त्यालाही बंदी.

लोक हळूहळू शहाणे झाले. बूट घालून नाचायला लागले. लग्न ठरलेली जोडपी फोटोवाल्याला घेऊन यायची, ती नाशकावर उभी आणि तो पैठणवर, आणि मग दोघं धावत येऊन मध्ये कुठंतरी भेटायचे. निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत असलेल्या एका दादांचा वाढदिवस झाला, त्या संध्याकाळी नदीतून त्यांचंच तोंड वाहत होतं. पण एक गोष्ट मी पाहिली. नवा माणूस आला की नाचायच्या आधी मान खाली घालून आपलं गाव शोधायचा. पैठणचा असो की शहागडचा, डोळे बारीक करून फिरायचा, गाव सापडलं की त्यावर दोन्ही पाय ठेवायचा, दिवा लागला की आजूबाजूला बघायचा. कोणी पाहिलं का म्हणून. मोठमोठे पोट सुटलेले पुरुष तेवढ्यापुरते लहान दिसायचे. ज्यांचं गाव नदीपासून लांब आणि म्हणून फरशीवर नाही, ते बन्सीशी भांडायचे.

वच्छलाबाई कधी भांडल्या नाहीत. म्हणून तर माझं त्यांच्याकडे लक्ष गेलं. वाळलेल्या शेंगेसारखी बारीक बाई, नऊवारी लुगडं, चपला काढून हातात धरलेल्या. पाटी त्यांना वाचता येत नव्हती आणि आली असती तरी त्यांनी मानली नसती. त्या पैठणवरून सरळ पुढं जायच्या आणि पैठणच्या वरच्या अंगाला जिथं धरणाचा मोठा निळा डाग काढलाय, त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहायच्या. तिथं काहीच नव्हतं. ना दिवा, ना घंटा, नुसतं निळं. चहूकडे पोरं घंटा वाजवत उड्या मारतायत आणि ही बाई मुक्या जागेवर उभी. दोन-तीनदा पाय आपटून बघायच्या, हळूच. मग येऊन माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या.

रोज तेच. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अहो, तिथं काही लागत नाही. जरा इकडे गावावर उभ्या राहा की."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "तिथं माझं माहेर हाय."

मग बोलता बोलता सगळं कळत गेलं, एका दिवसात नाही. कवठाणी हे त्यांच्या माहेरचं गाव. गंगेच्या काठाला, वेशीत कवठाचं झाड म्हणून कवठाणी. वडील मोठे शेतकरी नव्हते, पण घरात दूध होतं आणि नदीच्या मळीत टरबुजं लागायची. वच्छलाबाईंचं लग्न बिडकीनच्या बाजूला झालं, कारभारी नावाच्या माणसाशी. माहेर-सासर बैलगाडीनं एका दिवसाच्या आत. सणाला त्या जायच्या. वेशीतून आत शिरताना कवठाखाली थांबून मोठ्यानं आईला हाक मारायची, अशी त्यांची रीत होती. "माय, आले गं मी." त्यांची आई घरातून ओ द्यायची आणि भाकरतुकडा घेऊन दारात यायची. लेक माहेरी आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, मग ती उंबरा ओलांडणार. आमच्याकडे अजूनही काही घरांत करतात.

पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. रेशनची लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन माणसं जगली. वच्छलाबाईंचे दोन्ही भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. ती खडी धरणाच्या कामाला जायची आणि त्या धरणात त्यांचंच गाव जायचं होतं. भावांना ते ठाऊक होतं. "मग फोडली कशाला?" असं मी विचारलं, तर वच्छलाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. भुकेल्या माणसाला असले प्रश्न विचारायचे नसतात. जेवलेल्या बायकांना सुचतात ते.

दुष्काळ सरला आणि गाव उठायची वेळ आली. कवठाणीच्या लोकांनी उठायच्या आधी एक ठरवलं. गावच्या साऱ्या लेकीबाळींना, जिथं कुठं दिल्या असतील तिथून, शेवटचं माहेराला बोलवायचं. पुरणाचं जेवण घालायचं, चोळी-बांगडी करायची आणि मग गाव सोडायचं. भाऊ न्यायला आला. पण इकडे सासरी दुष्काळानंतरची पहिली ज्वारी काढणीला आली होती. सासरे म्हणाले, कणसात दाणा आलाय, आता एक हातही मोकळा करता यायचा नाही. भाऊ खण देऊन परत गेला. वच्छलाबाईंनी तो खण शिवला, घातला, फाटला, त्याचं पोतेरं केलं. आईला त्यानंतर त्या दुसऱ्याच गावी भेटल्या, पत्र्याच्या खोलीत, जिथं ना वेस होती ना कवठ.

उन्हाळ्यात धरण आटलं की बुडालेली काही गावं वर येतात, लोक बघायला जातात, हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, तेव्हा जायचं होतं. त्या म्हणाल्या, "त्ये काठावरल्या गावाचं. आमचं गाव खोलात. धरण कितीबी आटू दे, कवठाणी कवाच उघडी पडत नाय." बाकीच्या गावांचा चिखल तरी दिसतो. यांच्या गावाचं दैव तेवढंही नाही.

सासरही राहिलं नाही. कारभारी गेले, आणि नंतर बिडकीनकडची जमीन कारखान्यांसाठी घेतली गेली. पैसा चांगला मिळाला, ते खोटं कशाला बोला. मुलगा सर्जेराव हुशार, त्यानं शहरात दुमजली घर बांधलं, दोन गाड्या भाड्यानं लावल्या, मुलं इंग्रजी शाळेत घातली. वाईट नाही तो. आईला औषध वेळेवर आणतो. पण वच्छलाबाईंच्या शेतावर आता सहापदरी रस्ता आहे. "माहेर पान्यात गेलं आन् सासर डांबरात," त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. मला काही ते हसू यायचं नाही.

तर अशा बाईला एकच हवं होतं. लाइटच्या गंगेत साऱ्या जगाची गावं आहेत, तशी आपली कवठाणी असावी. त्यावर उभं राहावं, दिवा लागावा. जे शेवटचं माहेरपण चुकलं ते निदान उजेडात तरी व्हावं. एवढंच.

त्यांनी बन्सीला विचारलं. बन्सी म्हणाला, "मावशी, माझ्या हातात फक्त बटन हाय. म्याडम ऐतवारी येत्यात, त्यांना बोला."

या मॅडम म्हणजे स्वरदा. फरशी तिनंच रचलेली. तिशीची असेल, आमच्याच शहरातली, मोठ्या शिक्षणासाठी बाहेर जाऊन आलेली. तिला वाईट म्हणायची मला फार इच्छा आहे, पण ती वाईट नव्हती. रविवारी ती आली तेव्हा वच्छलाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एका दमात बोलल्या. "पोरी, तुजं काम लई चांगलं हाय. पन त्या निळ्यात माझं गाव हाय, त्ये तुज्याकून राहिलं."

स्वरदानं हातातला फोन खाली ठेवला. खरंच ठेवला. म्हणाली, "आजी, बसा. सांगा मला."

मग पुढचे कितीतरी रविवार ती आली. माझ्याच बाकावर बसायची, मध्ये रेकॉर्डर. वच्छलाबाईंना एवढं बोलताना मी पाहिलंच नव्हतं. कोणाचं माळवद कोणाच्या माळवदाला लागून, घाटाच्या कोणत्या पायरीवर धुणं आपटायचं आणि कोणत्या पायरीवर घागर भरायची, चुलता कुठं बसून विडी ओढायचा, सगळं. गाव उठताना देवांना गाडीत घालून नेलं, पण मारुती नेला नाही, हेही सांगितलं. "समदे देव आले. मारुती नाय आला. मारुती गावाची शीव सोडत नसतो." त्याला तिथंच तेल-शेंदूर घालून लोक पाया पडून निघाले म्हणे.

"आणि पाणी कसं आलं आजी?" स्वरदानं विचारलं.

"मी कुठं बघितलं? मला धाडलंच नाय."

स्वरदा थोडी हिरमुसली असं मला वाटलं. मग म्हणाली, "बरं, गावात शिरताना तुम्ही हाक मारायचात ना. ती एकदा मारून दाखवता?"

वच्छलाबाई लाजल्या. नको म्हणाल्या. मग उठून उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला आणि समोरच्या जिमच्या पाटीकडे तोंड करून हाक मारली. "माय, आले गं मी."

बारीक अंगातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. चालणारी माणसं थबकली. मी पदर डोळ्यांना लावला, आणि मी काही पटकन रडणारी बाई नाही. स्वरदाचेही डोळे भरले होते. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आजी, मी तुमचं गाव आणते बघा." त्या पोरीनं शब्द पाळला, एवढं तिच्या पदरात टाकलं पाहिजे.

काम व्हायला उन्हाळा लागला. त्या वर्षी बागेतली झाडं वाळली, हिरवळीचा भुस्सा झाला. फरशी तेवढी निळी. वच्छलाबाई रोज येऊन बन्सीला विचारायच्या, "झालं का रं?" आणि तो म्हणायचा, "व्हईल मावशी." ज्या दिवशी झालं म्हणाला त्या दिवशी त्या उभ्या उभ्याच घरी गेल्या आणि दुसऱ्या संध्याकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. हातात फडक्यात बांधलेली भाकर आणि पाण्याची बाटली. सुनेला सांगून आल्या होत्या की कुत्र्याला टाकायला नेते.

मला म्हणाल्या, "टेलिफोनबाई, आज तुमी माझ्या माहेरचं मानूस व्हा. तुकडा ववाळा."

आमच्या घरात ही पद्धत नाही. पण मी भाकरीचा तुकडा मोडला, त्यांच्या तोंडावरून ओवाळला आणि मागे टाकला. पायावर पाणी घालायला बाटली उघडली तर बन्सी पळत आला. "पानी नगं बाई, काचंवर पानी नगं. करंट उतरंल." नदीत पाणी घालायला मनाई. मी बाटली बंद केली.

वच्छलाबाई अनवाणी चालत निळ्याच्या मधोमध गेल्या आणि उभ्या राहिल्या.

आणि गाव वर आलं. पाणी चारी बाजूंनी मागं सरलं आणि त्यांच्या पायाभोवती माळवदं उठली, गल्ल्या उठल्या, घाटाच्या पायऱ्या, वेस, वेशीतलं कवठ. मारुतीपुढं दिवा लागला. खरं सांगते, मलाही ते सुंदर वाटलं. वच्छलाबाई एका जागी उभ्या राहून बोटानं दाखवत होत्या. ही चावडी. हा पार. हे आमचं घर.

"दार उलटीकडं झालंय," त्या मला म्हणाल्या. "असू द्या. माहेराला नावं ठिवू नये."

किती वेळ त्या तशा उभ्या होत्या मला सांगता येणार नाही. चेहरा असा झाला होता की त्यांचं वयच समजेना. मग मागं उभ्या असलेल्या एका बाईनं, बिचारीनं नीटच म्हटलं, "आजी, आमच्या मुलांनाही बघू द्या ना." वच्छलाबाईंनी मान डोलावली आणि पाय उचलला.

पाणी आत आलं. आधी घाट गेला, मग गल्ल्या, मग माळवदं एकेक करून. कवठाचा शेंडा थोडा वेळ दिसला. शेवटी मारुतीचा दिवा विझला, आणि फरशीखालच्या भोंग्यातून हाक आली. "माय, आले गं मी." त्यांचाच आवाज. वरून पाण्याचा बुडबुड आवाज लावलेला.

वच्छलाबाईंनी पाय परत ठेवला. घाईघाईनं, तोल जाता जाता. गाव परत वर आलं.

त्यांनी स्वरदाकडे पाहिलं. स्वरदाही त्या संध्याकाळी मुद्दाम आली होती; ती कडेला उभी होती, तिचे डोळे परत भरले होते. ती जवळ आली आणि समजावून सांगायला लागली. "आजी, आपण उभे आहोत तोवर गाव आहे. आपण पाय काढला की ते जातं. आठवण अशीच असते ना? कोणीतरी धरून ठेवली तर राहते."

"म्हंजी मी हालले की बुडनार?"

"हो आजी."

"मंग मी हालू कशी?"

स्वरदाला वाटलं आजी भारावल्या आहेत. ती हसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "अगं, ते गाव तसंच राहू दे ना. बाकीच्या गावांसारखा नुसता दिवा लागू दे. ही बाई शेवटच्या भेटीसाठी आलीय, आणि तू तिच्याच पायानं तिचं माहेर बुडवायला लावतेस."

"काकू, मग त्यात बघणाऱ्याचा सहभाग काय राहिला?" ती म्हणाली. "तोच तर गाभा आहे." आणि ती मनापासून म्हणत होती. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख नीट समजतं, फक्त ते लगेच त्याच्या उपयोगी पडतं.

इकडे वच्छलाबाई उभ्याच. मागं रांग वाढायला लागली. आधी लोक हसले, मग कुरकुरले. "आजीनं काय विकत घेतलंय का?" असं कोणीतरी म्हणालं. पोरं कडेनं पाय घालायला बघत होती. बन्सी जवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, लोकं वरडायलेत. माझ्यावर येईल." गुडघे दुखत होते, ते मला दिसत होतं. त्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होत्या, पण पाय उचलत नव्हत्या.

कोणीतरी ओळखीच्यानं कळवलं असेल, सर्जेराव गाडी घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली. गर्दी बघून त्याचं तोंड उतरलं.

"माय, चल घरी. लोकं बघायलेत."

"तू उभा ऱ्हा इथं," त्या म्हणाल्या. "तू उभा राहिलास की मी येते."

"येड्यावानी करू नको माय. लाइट हाय ती."

"ठाव हाय मला लाइट हाय. तू उभा ऱ्हा."

तो उभा राहिला असता तर काय झालं असतं? त्यालाही कधीतरी निघावंच लागलं असतं. मीही तिथं होते, मीही उभी राहिले नाही, हेच हिशेब मनात करत. तो तिथंच लाजून उभा, हात पुढं केलेला. वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, खाली पाहिलं. मग वाकून मारुतीच्या जागी काचेला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि आपणच एक पाय काढला, मग दुसरा. कोणी ओढलं नाही त्यांना.

पाणी आलं. हाक आली. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, खरोखरच छान दिसत होतं म्हणून. आणि त्या फरशीच्या बाहेर पडायच्या आत पोरांनी बुटांसकट उडी घेतली. गाव वर. उडी बाहेर. गाव खाली. "माय, आले गं मी." पोरांना गंमत कळली. एक म्हणाला, "बुडव, बुडव परत," आणि मग त्यांचा खेळच सुरू झाला.

वच्छलाबाईंनी गेटपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तवा सासऱ्यानं धाडलं नाय म्हनून जल्मभर त्याला शिव्या घातल्या. म्हातारा बरा व्हता म्हनायचा. बुडताना तरी दावलं नाय त्यानं."

त्यानंतर त्या बागेत आल्या नाहीत. कवठाणीची जागा मात्र फरशीवरची सगळ्यात आवडती जागा झाली. रविवारी तिथं वेगळी रांग लागते. फोनवर लोक एकमेकांना गाव बुडवल्याचे व्हिडिओ पाठवतात, त्यात शेवटी तो आवाज येतो आणि खाली हसणारी तोंडं. स्वरदाला कुठलासा पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला. त्यात तिनं एका अनाम आजीचे आभार मानले होते. नाव विचारायचं राहिलं असेल असं नाही, तिला चांगलं ठाऊक होतं. अनाम लिहिलं की जास्त बरं वाटतं वाचायला. मी तिला फोन केला, म्हटलं निदान तो आवाज तरी काढ. ती म्हणाली, "काकू, आवाजामुळेच तर लोकांना पोचतं." मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी मला स्वयंपाकही सुचला नाही.

मध्ये मी एकदा वच्छलाबाईंच्या घरी गेले. दारात टँकरचा पाइप लावलेला, जिन्यात भरलेले ड्रम. त्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, पाय वर घेऊन. मला बघून बरं वाटलं त्यांना. सूनबाईंच्या भिशीच्या बायका जमल्या होत्या, चहा चालला होता. मी हळूच बसले. आम्ही दोघी बागेचं काही बोललो नाही. त्यांनीच थोड्या वेळानं विचारलं, "अजून बुडवत्यात का?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं, पण जमलं नाही.

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात भिशीतली एक नवी बाई, त्यांच्याशी काहीतरी बोलायचं म्हणून, जवळ सरकली. बायकांनी बायकांना विचारायचा पहिला प्रश्न असतो तो तिनं विचारला. "आजी, माहेर कुठलं तुमचं?"

कवठाणी, असं त्या आता सांगतील म्हणून मी वाट बघत होते. ज्या गावाचा नकाशातही ठिपका नाही त्याचं नाव त्या नेहमी मान वर करून सांगायच्या.

"मला माहेर नाय बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी सासरीच जल्मले."

सगळ्या हसल्या. आजी भारी बोलतात, असं कोणीतरी म्हणालं, आणि सूनबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.